उभा साग आणि तोंडपाठ कायदा

लाकूड आणायला चंद्रपूरला निघालेय म्हटल्यावर आमच्या बाजारपेठेतले लोक आधी हसले आणि मग घाबरले. कोकणात काय झाडांचा तोटा पडलाय, म्हणून हसले. आणि चंद्रपूरच्या पलीकडे गडचिरोली आहे आणि गडचिरोलीचं नाव पेपरात कधीच चांगल्या कारणानं येत नाही, म्हणून घाबरले. शेजारच्या किराणा दुकानदारानं तर मला दोन वेळा विचारलं, “ताई, नक्की लाकडासाठीच ना?”

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. वडिलांच्या पश्चात दाभोळ खाडीच्या काठची आमची लाकडाची वखार मी चालवत होते. आमचा धंदा बेताचा. आईन, किंजळ, फणस, घरांसाठी वासे, होड्यांसाठी फळ्या. त्या वर्षी काशीराम तांडेलांनी नवी होडी बांधायला काढली होती आणि त्यांच्या डोक्यात साग बसला होता. तोही सलग, होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा.

“तुकडं नको गो बाय,” ते म्हणाले. “जोड आला तिथं पाणी आलंच.”

आमच्याकडचा साग एवढा वाढत नाही. वडील बल्लारशाच्या लाकडाचं नाव घेताना कानाला हात लावायचे, पण ते स्वतः तिथे कधी गेले नव्हते. मी जायचं ठरवलं, तर काशीरामदादा म्हणाले, मीपण येणार. साठी उलटलेला माणूस, समुद्राचा वास येत नाही अशा गावात जन्मात कधी राहिला नव्हता. मी म्हटलं, दादा, उन्हाळा आहे, तिकडे फार तापतं. ते म्हणाले, “पोरगी बगायला नवऱ्याच्या बापाशिवाय कोण जातं काय?”

बल्लारशा

रेल्वेचा कंटाळवाणा भाग सोडून देते. एवढंच सांगते, की वरोऱ्यानंतर काशीरामदादा खिडकीला चिकटले. माजरीच्या आसपास कोळशाचे काळे ढीग आणि त्यांच्या अलीकडे पानं झडलेली, नुसत्या केशरी फुलांनी पेटलेली पळसाची झाडं. “ह्यांच्याकडे जमीनपण जळते नि झाडंपण,” ते म्हणाले आणि डोक्यावरचा पंचा ओला करून परत बांधला.

बल्लारशाच्या लाकूड आगारात पहिल्या सकाळी पाऊल टाकलं. जिकडे बघावं तिकडे सागाचे ओंडके. लांबीप्रमाणे, जाडीप्रमाणे थप्प्या लावलेले, प्रत्येकाच्या बुंध्यावर आकडा आणि वनखात्याच्या हातोड्याची खूण ठोकलेली. उन्हानं तापलेल्या सागाला नव्या चामड्यासारखा वास येतो. आमच्या वखारीत तो कधीतरी, फळी कापताना यायचा. इथे हवाच त्याची होती. काशीरामदादा एका लांब ओंडक्याच्या कडेनं पावलं टाकत गेले, शेवटी थांबले आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

लिलाव मांडवाखाली होता. तिथे बाई मी एकटीच. कुणीतरी लगबगीनं माझ्यासाठी खुर्ची आणली आणि ती नेमकी उन्हात ठेवली. लांब मालाच्या थप्प्या पुकारल्या गेल्या की मी बोली लावायची आणि माझ्या बोलीचा आवाज विरायच्या आत नागपूर-रायपूरकडचे व्यापारी तिच्यावरून निघून जायचे. त्यांना त्यात कष्ट पडत नव्हते. दुपारपर्यंत लांब माल संपला. दादांनी एकदाही मला दोष दिला नाही. ते फक्त पंचा उलगडत आणि गुंडाळत बसले होते.

तेव्हा वामनभाऊ आले. अंगानं भरलेले, पांढरा पायजमा-सदरा, खांद्यावर दुपट्टा. चंद्रपूरचे जुने लाकूड व्यापारी.

“कोकनातून आल्या म्हने तुमी? अन् उन्हात काऊन बसून राह्यल्या? घरी चला, जेवा. लाकूड कुठी पळून नाई जात.”

अनोळखी माणसाच्या घरी असं जेवायला जायचं आमच्याकडे कुणाच्या मनात येणार नाही. तिकडे ‘नको’ म्हणणं जास्त अवघड होतं. वामनभाऊंच्या पत्नीनं वडाभात वाढला. मिश्र डाळींचे तळलेले वडे भातात कुस्करायचे आणि वर फोडणीचं गरम तेल घ्यायचं. शेजारी पाटवड्यांचा जहाल रस्सा. दादांनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी आणखी मागून घेतला. आमच्याकडे ताटात नारळ नसेल तर सुतक असल्यासारखं वाटतं. त्या दिवशी तो आठवलाही नाही.

जेवताना वामनभाऊ कायद्यावर बोलत होते. मी आजवर पाहिलेले लाकूडवाले कायद्याचं नाव निघालं की विषय बदलायचे. माझंही ज्ञान वाहतुकीचा पास आणि गार्डाचा चहा एवढ्यावरच थांबलेलं. हा माणूस मात्र एखाद्यानं अभंग म्हणावेत तशी कलमं म्हणत होता. कुठल्या झाडाला परवानगी लागते, कुठल्याला नाही. हातोडा कुणी मारायचा, पास किती मुदतीचा, नाक्यावर गार्डानं काय तपासायचं आणि काय तपासायचा त्याला अधिकार नाही.

“अन् आदिवासीच्या शेतातलं झाड असलं,” ते रश्श्यात वडी बुडवत म्हणाले, “त व्यापाऱ्याले थेट घेताच येत नाई. खातं तोडते, खातंच लिलावात विकते, पैसे मालकाले भेटते. चांगला कायदा आहे. गरिबाले कोनी लुबाडू नये म्हनून केला.”

“सगळं तोंडपाठ आहे तुम्हाला,” मी म्हटलं.

“धंदा आहे ना बाई. रस्त्यावरचे खड्डे माहीत नसन त गाडी कशी हाकलाल?”

हात धुतल्यावर त्यांनी सांगितलं, आलापल्लीच्या पुढे एका गोंडाच्या शेतात साग उभा आहे. सरळ, उंच, तुमच्या होडीला पाहिजे तसाच. उद्या दाखवतो. मी म्हटलं, “पण आत्ताच तर तुम्ही म्हणालात, थेट घेता येत नाही.”

“हो, मीच म्हनलो,” वामनभाऊ हसले. “पाहाले त काई कायदा आडवा येत नाई ना?”

वैनगंगेपलीकडे

त्यांच्या जीपनं आम्ही निघालो. वैनगंगेचं पात्र उन्हाळ्यातही रुंद होतं आणि मधल्या वाळूत टरबुजांचे वेल पसरले होते. नदी ओलांडली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मैलोन्‌मैल भातखाचरं, मधले बांध, खाचरांच्या वर तलाव. फक्त डोंगर कुणीतरी उचलून नेले होते.

एका तलावाजवळ काशीरामदादांनी जीप थांबवायला लावली. गुडघाभर पाण्यात एक ढिवर, म्हणजे तिकडचा कोळी, जाळं ओढत होता. दादा पायजमा वर खोचून सरळ पाण्यात उतरले. जाळ्याची वीण बोटांत धरून पाहिली, मग दोघं बराच वेळ एकमेकांशी बोलत राहिले. एकाची भाषा दुसऱ्याला कितपत कळत होती देव जाणे.

“तुमचा समुद्र म्हनजे तलावच ना? मोठ्ठा?” त्या ढिवरानं विचारलं.

“तलावच,” दादा म्हणाले. “फक्त पलीकडची पाळ दिसत नाय.”

त्यानं आम्हाला पळसाच्या पानात बांधून लहान मासे दिले. ते पुढे चहाच्या टपरीवरच्या बाईनं वांग्यात शिजवून दिले. दादांना ते गोडे लागले. “मीठ पाण्यात नाय, मग माशात कुठनं येणार,” असं म्हणून त्यांनी त्या माशांना माफ केलं.

आष्टी सोडल्यावर रस्ता जंगलात शिरला. चैत्राच्या तोंडावर साग उघडा असतो. सुपाएवढी वाळकी पानं खाली पसरलेली, पायाखाली पापडासारखी मोडतात. मधूनच मोहाची झाडं आणि त्यांच्याखाली फुलं वेचणाऱ्या बाया-पोरी. एका ठिकाणी दादांनी ओंजळभर ताजी मोहफुलं खाल्ली, गोड लागली म्हणून आणखी खाल्ली, आणि नंतर जीपमध्ये डोकं धरून बसले. “होडी लागली मला,” असं पुटपुटत होते. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला जमिनीवर होडी लागलेली मी त्या दिवशी पाहिली. वामनभाऊंनी गाडी हळू घ्यायला लावली, पण थांबू दिली नाही. अंधाराच्या आत आलापल्लीला पोचायचं, यावर ते ठाम होते. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मडावींचं शेत

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतावर पोचलो. शेत दलसू मडावी आणि त्याची बायको मैनीबाई यांचं. मातीनं सारवलेलं स्वच्छ घर, अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, कुडाला टेकवलेला नांगर. दलसू अबोल होता. मैनीबाई ठेंगणी, हातभर बांगड्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघायची तिची सवय.

बांधाच्या कडेनं साग उभे होते. पान एक नाही, फांदीही खूप वर. एकेक झाड जणू ओळंबा लावून उभं केलेलं. प्रत्येकाच्या बुंध्याला गेरूचा पट्टा ओढलेला होता. सावलीत वामनभाऊंची माणसं करवत आणि कुऱ्हाडी घेऊन बसली होती.

काशीरामदादा एका झाडापासून दुसऱ्याकडे गेले. एकाला त्यांनी चक्क मिठी मारली आणि मान मागे टाकून वर बघत राहिले. मला माहीत होतं, त्यांना तिथे झाड दिसत नव्हतं, होडी दिसत होती. सलग, बिनजोडाची, नारळी पौर्णिमेला गुलाल उधळून पाण्यात लोटलेली.

“हेच,” ते म्हणाले. “बाय, हेच.”

मी वामनभाऊंना बाजूला घेतलं. “आता सांगा. हे माझ्यापर्यंत कसं येणार?”

त्यांनी काही लपवलं नाही. लिलावात घेतलेल्या त्यांच्या मालाचे पास त्यांच्याकडे होते. लांबी-जाडी जुळवायची, व्यापारी म्हणून नोंदलेला त्यांचाच हातोडा मारायचा आणि तो पास या लाकडाबरोबर द्यायचा. दाभोळपर्यंत कुणी हात लावणार नाही, याची जबाबदारी त्यांची.

“आणि खात्यामार्फत केलं तर?”

“खात्याकडे अर्ज द्या, तपासनी, मंजुरी, मंग कधीतरी तोड, मंग लिलाव. मंग पैसे. तवापर्यंत ह्याची विहीर कोरडीच राह्यते. मी याच्या हातावर आज ठेवतो. याले लुबाडनं म्हनते का बाई? तुमीच सांगा.”

 विहीर मी पाहिली होती. अर्धवट खणलेली, तळाशी दगड. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मनात ट्रक ठरवत होते. दादांचा हंगाम, माझ्या वखारीचं नाव, समोर उभं असलेलं लाकूड. सगळं एकाच बाजूला ओढत होतं.

तेवढ्यात मैनीबाईनं आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. पळसाच्या पानांच्या दोन्यांत तांदळाची पातळ पेज आणि अंबाडीची भाजी. दादांनी दोना तोंडाला लावला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं. “पेज हाय गो! आपली पेज!” आमच्या घरी दिवस पेजेनं उजाडतो. राज्याच्या या टोकाला ती भेटेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. मैनीबाईला त्यांच्या आनंदाचं कारण कळेना. तिनं पुन्हा दोना भरला.

खाताना मी तिला विचारलं, “बाई, तुम्हाला विकायची आहेत ना झाडं?”

“हो. विहीर पायजे.”

“नंतर गार्ड आला तर?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दलसू पहिल्यांदा बोलला, तेही जमिनीकडे बघत. “माह्या भावानं मागं विकले, वामनभाऊलेच. गार्ड आला. लाकूड बैलबंडीवर होतं. बंडी नेली, बैल नेले. भाऊ अहेरीले तारखेवर जात राह्यला. बैल नाई आले.”

“आणि वामनभाऊ?” मी विचारलं.

“वामनभाऊ तवा नागपूरले होते,” मैनीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडला नाही, असं सांगावं तसं सांगितलं.

वामनभाऊंचा हात दोन्यात थांबला. “मी खरंच नागपूरले होतो,” ते म्हणाले. “माह्या साळीचं लग्न होतं.”

 आवारातली कोंबडी मोहफुलांत चोच मारत होती, तिला मैनीबाईनं हुसकलं.

मग काशीरामदादांनी दोना खाली ठेवला. “आमच्याकडे होड्या जायच्या,” ते म्हणाले. “सोना आणायचे ना शेठ लोक, दुबईवरनं. माल शेठचा, होडी आमची. कष्टमवाला आला की होडी जायची नि ती चालवणारा तांडेल आत जायचा. माझा सख्खा मावसभाऊ गेला. आणि शेठ? शेठपण असाच कुठंतरी लग्नाला गेलेला असायचा.” ते उठले, पुन्हा एकदा त्या झाडाकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, म्हणून सांगते, त्यांना ते सोपं गेलं नाही. “बाय, मला नको हे लाकूड. दुसऱ्याचं बैल बुडवून मी होडी तरवायची नाय.”

वामनभाऊ भडकतील असं मला वाटलं. त्यांनी दुपट्ट्यानं मान पुसली. “मर्जी तुमची,” म्हणाले. माणसांना करवती जीपमध्ये टाकायला सांगितल्या.

निघताना मी मैनीबाईला म्हटलं, “तुम्हीच अर्ज करा ना खात्याकडे. तुमचा हक्क आहे तो.”

“कोन लिहिते?”

“मी लिहिते.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “उद्या बाजार आहे आलापल्लीले,” म्हणाली. “येतो.”

आम्ही परत निघालो. ज्या माणसाचा व्यवहार आम्ही मोडला, त्याच्याच गाडीत आम्ही बसलो होतो. रस्त्यात मी म्हटलं, “आम्हाला बस मिळेल, तुम्ही उगीच...”

“काऊन?” वामनभाऊ खेकसले. “लाकूड नाई घेतलं म्हनून पाव्हने नाई राह्यले का तुमी?”

बाजाराचा दिवस

आलापल्लीच्या बाजारात मोह, चिंच, वाळलेले झिंगे, बांबूच्या टोपल्या आणि प्लॅस्टिकच्या बादल्या शेजारी शेजारी होत्या. मराठी, गोंडी, तेलुगू एकमेकांत मिसळलेली. दलसू आणि मैनीबाई खरंच आले. मैनीबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि सातबारा पदराच्या गाठीत बांधला होता.

वनखात्याच्या कचेरीबाहेर आंब्याखाली बसून मी अर्ज लिहिला. लिहिताना जाणवलं, की मला काय लिहायचं तेच नीट माहीत नाही. ‘कृपा करून’ आणि ‘नम्र विनंती’ यांच्या मधली जागा रिकामीच होती. तरी एक पान भरलं आणि आत गेलो. काशीरामदादा दाराशी थांबले. वामनभाऊ आम्हाला सोडायला आले होते. ते समोरच्या टपरीवर चहा घेत होते, आत यायचा त्यांचा विचार नव्हता.

टेबलामागच्या बाबूनं अर्ज अर्धाच वाचला. “हे इथी नाई होत. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नाई. पयले तहसीलले जा, नोंद करून आना, मंग पाहू.”

“पण अर्ज तर घ्या,” मी म्हटलं.

“घेताच येत नाई मॅडम. नियम आहे.”

मैनीबाईनं सातबारा परत गाठीत बांधायला घेतला. दलसू तर दाराकडे वळलाही होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

“कोनता नियम?”

वामनभाऊ दारात उभे होते, हातात चहाचा पेला तसाच. खिडकी उघडी होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. “नाई, सांगा ना, कोनता नियम? मले नाई माहीत असा नियम आहे का एखादा?”

“वामनभाऊ, तुमी काऊन मधात...”

“चुकीचं सांगून राह्यले म्हनून!” त्यांना खरोखर राग आला होता. शेतात आला नव्हता एवढा. “नोंद नसन त तुमी जागेवर जाऊन पाहाचं. मोजाचं. पंचनामा कराचा. अर्ज घ्याचा अन् पोच द्याची. हे काम तुमचं, या बाईचं नाई.” ते खुर्ची ओढून बसले आणि माझ्या हातातला अर्ज घेऊन वाचू लागले. “अन् हे काय लिवलं बाई? अशानं दोन वर्षं फिरन हे. कोरा कागद घ्या. मी सांगतो तसं लिवा.”

मी लिहीत गेले. ते पेल्यातला चहा संपवत सांगत होते, न अडखळता, एकेक मुद्दा. शेताचा गट, चतुःसीमा, झाडं मालकाच्याच जमिनीवर असल्याचं, खात्यानं तोडून लिलाव करण्याची मागणी, विक्रीची रक्कम कुणाच्या हाती द्यायची ते. कुठल्या वाक्याला कोण हरकत घेईल आणि ती आधीच कशी बंद करायची, हेही. मधेच रेंजर साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले आणि भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले.

“वामनराव,” ते शेवटी म्हणाले, “हे तुम्ही सांगताय?”

“मंग कोन सांगन?” वामनभाऊ म्हणाले. “तुमच्याकडे कोनाले पाठ आहे?”

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी अर्ज घेतला, दोनदा वाचला, पोच लिहून त्यावर शिक्का मारून मैनीबाईच्या हातात दिली. “वेळ लागेल,” ते तिला म्हणाले. “लवकर होईल असं खोटं नाही सांगत. पण मी स्वतः येईन मोजायला.”

बाहेर आल्यावर मैनीबाईनं ती पोच उलटसुलट करून पाहिली. मग वामनभाऊंना म्हणाली, “मागं माह्या दिराले काऊन नाई लिवून देल्लं हे?”

वामनभाऊंनी रिकामा पेला टपरीवाल्याला परत केला. जीपची किल्ली खिशात शोधली, ती हातातच होती. “चला,” ते आम्हाला म्हणाले, “ऊन चढून राह्यलं.” दादांनी नंतर मला सांगितलं, की गाडीकडे जाताना वामनभाऊंचे डोळे ओले होते. मी पाहिलं नाही, तेव्हा त्यावर जास्त काही म्हणत नाही.

परतीचा ट्रक

आम्ही अगदी रिकाम्या हातांनी परतलो नाही. त्याच आठवड्यात आलापल्लीच्या आगारात लहान लांबीच्या मालाचा लिलाव होता. बड्या व्यापाऱ्यांना त्यात रस नव्हता. दादांनी एकेक ओंडका ठोकून, कान लावून निवडला, आणि मला बोलीत यश आलं. होडीला जोड येणार होते.  ट्रक भरताना प्रत्येक ओंडका चढेपर्यंत दादा तिथून हलले नाहीत.

कोरपना, वणी अशा आडवाटेच्या रस्त्यानं ड्रायव्हरनं आम्हाला का नेलं, ते त्यालाच माहीत. त्या रस्त्यावरच्या नाक्यावर एक तरुण गार्ड पास घेऊन ट्रकवर चढला. तो भर दुपारी एकेका ओंडक्यावरची हातोड्याची खूण बोटानं चाचपत होता. एरवी अशा वेळी मी गार्डाच्या मागेमागे फिरते, कागद बरोबर असले तरी. त्या दिवशी फिरले नाही. मी रस्त्याकडेला टरबूज कापून खात होते. दादा तर ट्रकच्या सावलीत घोरत होते. गार्डानं खाली उतरून पास परत दिला आणि थोडा खट्टू होऊन म्हणाला, “बरोबर आहे सगळं.” मी त्यालाही टरबुजाची फोड दिली.

नारळी पौर्णिमा चुकली. जोड जास्त म्हणून सुतारांचं काम वाढलं, आणि होडी पाण्यात गेली तेव्हा पितृपक्ष चालू होता. चांगलं काम त्या दिवसांत करू नये म्हणून सगळ्यांनी दादांना अडवलं. ते म्हणाले, माझे पितर सगळे तांडेलच होते, त्यांना होडी पाण्यात गेलेली बघून आनंदच होईल. हंगामाचे सुरुवातीचे, चांगल्या मासळीचे दिवस त्यांच्या हातून गेले होते. ते नुकसान त्यांनी सोसलं. कुणाकडे बोलून दाखवलं नाही, माझ्याकडे तर नाहीच.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वखारीतला फोन वाजला. चंद्रपूरहून वामनभाऊ. आधी पाऊसपाणी, तब्येत, तांडेलभाऊंची होडी कशी आहे, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, मडावीचे साग खात्यानं थंडीत तोडले. काल आगारात त्यांचा लिलाव झाला.

“कुणी घेतले?”

“मीच घेतले. चांगला माल होता, सोडतो का मी?” थोडं थांबून म्हणाले, “मैनीबाई आली होती ना आगारात. नवऱ्याले घेऊन. मालकाले यायची काई गरज नसते, पन आली. मांडवात पयल्या रांगेत बसली. नागपूरवाला अन् मी, दोघंच राह्यलो बोलीत. त्यानं हात सोडला. साहेब एक वार म्हनले, दोन वार म्हनले. तेवढ्यात हे बाई उठली अन् सगळ्यांसमोर मले म्हनते, वामनभाऊ, आनखी एकदा बोल ना.”

“मग?” मी विचारलं. “तुमचीच बोली शेवटची होती ना? स्वतःच्याच बोलीवर कसं बोलणार?”

“तेच त! अख्खा मांडव हसून राह्यला. साहेबबी हसले. कायद्यात असं कुठी लिवलं नाई, का बोलावंच लागते.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. 

“मग काय केलंत?”

“मंग काय,” वामनभाऊ म्हणाले, “बोललो.”